रिलेत अडकलेलं पाखरू आणि आयुष्यभर बिघाड शोधणाऱ्या ग्रेस हॉपर

महिनाअखेर आहे. सहाच्या आत रिपोर्ट पाठवायचाय. आणि नेमका त्याच वेळी स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थांबतो. आपण माऊस जोरात हलवतो, टेबलावर दोनदा आपटतो, सगळी बटणं दाबून बघतो. काहीच होत नाही. मग ऑफिसमधलं कुणीतरी जाणकार येतं. वायर काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावतं, माऊस उलटा करतं, खालच्या सेन्सरच्या भोकात अडकलेला एक केस फुंकर मारून उडवतं आणि बाण परत पळायला लागतो.

एवढ्याशा केसाने अख्खं काम अडवलं, याचं आपल्याला हसू येतं. पण कॉम्प्युटरच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला बिघाड साधारण असाच होता. फरक इतकाच की तिथे केसाच्या जागी पाखरू होतं आणि माऊसच्या जागी खोली भरून टाकणारं मशीन.

हा किस्सा जगभर पोहोचवणाऱ्या बाईंचं नाव ग्रेस हॉपर. त्या अमेरिकन नौदलात रिअर ॲडमिरल होत्या आणि गणितात पीएचडी. कॉम्प्युटरला माणसाच्या भाषेच्या जवळ आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव अगदी वर घेतलं जातं. पण त्यांची खरी गोष्ट पाखराच्या पुढे आहे. मशीन बंद पडलं की वैतागायचं नाही, बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं आणि तो पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था करायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं.

सात घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती, पण त्या काळी मुलींना त्यात फार पुढे जाता येत नसे. पुढे आजारपणामुळे वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. मुलींनाही मुलाइतकंच शिक्षण मिळालं पाहिजे, त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, यावर ते ठाम होते.

उन्हाळ्यात हे कुटुंब न्यू हॅम्पशायरमधल्या आपल्या घरी राहायला जायचं. ग्रेस तेव्हा सात वर्षांच्या होत्या. गजराचं घड्याळ वाजतं कसं, हा प्रश्न त्यांना पडला, म्हणून त्यांनी एक घड्याळ उघडलं. आतले भाग बाहेर आले, पण परत बसवता येईनात. मग भाग कसे बसवलेले असतात हे बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं मोडून पडली होती. आईने आरडाओरडा न करता एक नियम केला. यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल.

म्हणजे त्या वयातच त्यांनी बिघाड शोधण्याची एक जुनी रीत वापरली होती. आपल्याकडचं चालत नसेल, तर चालणारं शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करायची. माऊस चालत नसला की आपण तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावतो, ते हेच. तिथे चालला तर दोष माऊसमध्ये नाही. तिथेही बंद असेल तर बहुतेक माऊसच गेलाय. एका तपासणीत अर्धे संशयित बाद होतात.

शाळेनंतर व्हॅसार कॉलेजच्या प्रवेशाला त्या पहिल्यांदा लॅटिनमध्ये नापास झाल्या. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये तिथून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९३० मध्ये येल विद्यापीठातून एमए आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९४५ मध्ये ते दोघं वेगळे झाले, पण हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवलं. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवत होत्या.

वजन कमी, वय जास्त, तरीही नौदलात

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. ग्रेस यांना नौदलात जायचं होतं. अडचणी तीन होत्या. वय पस्तिशीच्या पुढे. वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंड, म्हणजे जवळपास ७ किलो कमी. आणि गणिताच्या प्राध्यापकांचं काम देशासाठी गरजेचं मानलं जात असल्याने नोकरी सोडायला परवानगी लागणार होती. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाच्या अटीतून सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांचा पहिला नंबर आला.

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क वन नावाचं मशीन चालत होतं. आयबीएमने बांधलेलं हे मशीन ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि वजनाला जवळपास ५ टन होतं. एका सेकंदात ते तीन बेरजा करायचं. एका भागाकाराला पंधरा सेकंद लागायचे. आज हा वेग हास्यास्पद वाटेल, पण तेव्हा असं दुसरं यंत्र मिळणं मुश्कील होतं.

मार्क वनला काय करायचं ते सांगण्यासाठी कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडावी लागत. एक भोक चुकीच्या जागी पडलं की उत्तर चुकलं. चुकलेलं भोक बुजवायला त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचे. सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्तीला आपण आजही पॅच, म्हणजे ठिगळ म्हणतो. त्या पट्ट्यांवर तशी खरीखुरी ठिगळं होती.

युद्धाच्या काळात हे मशीन दिवसरात्र चालायचं. नौदलाच्या तोफांसाठी लागणारे तक्ते त्यावर तयार होत. १९४४ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन एक अवघड गणित घेऊन आले. ते अणुबॉम्बच्या कामातलं होतं, पण कशासाठी आहे हे चालवणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. अशा ठिकाणी मशीन थांबणं परवडणारं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मशीन चालू राहून चुकीचं उत्तर देणं. बंद पडलेलं मशीन निदान बंद पडलंय हे तरी कळतं.

एकेन यांनी ग्रेस यांना या मशीनचं पुस्तक लिहायला सांगितलं. आधी कुणी असं पुस्तक लिहिलेलं नव्हतं. भागांची रचना, जोडण्या, चालवण्याच्या पायऱ्या असं सगळं मांडणारं पाचशेहून जास्त पानांचं हे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. घड्याळ उघडून बघणाऱ्या मुलीने ५१ फुटी यंत्र पानापानावर उलगडून ठेवलं होतं.

९ सप्टेंबरचं पाखरू

आता त्या प्रसिद्ध किश्शाकडे येऊ. साल १९४७. हार्वर्डमध्ये मार्क टू या नव्या मशीनच्या चाचण्या सुरू होत्या. हे मशीन रिलेवर चालायचं. रिले म्हणजे विजेच्या जोरावर उघडझाप करणारा छोटा स्विच. त्याचे धातूचे दोन संपर्कबिंदू एकमेकांना टेकले की वीज वाहते, लांब गेले की थांबते. या दोन बिंदूंमध्ये काहीही अडकलं तर ते टेकत नाहीत. मशीनमध्ये असे हजारो रिले होते. इमारत जुनी होती, एसी नव्हता, त्यामुळे खिडक्या उघड्या असायच्या. रात्री दिव्यांवर किडे यायचे.

९ सप्टेंबरला चालकांनी नोंदवहीत सकाळपासूनच्या घडामोडी वेळेसकट लिहिल्या होत्या. कोणती चाचणी कधी सुरू केली, कधी थांबवली, कुठले रिले चाचणीत नापास झाले, ते सगळं. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी एक चाचणी सुरू झाली. ३ वाजून ४५ मिनिटांची नोंद आहे एफ पॅनलमधल्या ७० नंबरच्या रिलेची. त्यात एक मेलेलं पाखरू सापडलं होतं. चालकांनी ते काढलं, चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर चिकटवलं आणि खाली गमतीने लिहिलं की किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना.

या किश्शाभोवती दोन गैरसमज आहेत. पहिला, बिघाडाला बग म्हणजे किडा म्हणायची सुरुवात इथून झाली. तसं नाही. थॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच हा शब्द बिघाडासाठी वापरलेला आहे. इंजिनिअर मंडळींमध्ये तो रुळलेला होता, म्हणून तर खरा किडा सापडल्यावर विनोद झाला. दुसरा गैरसमज, पाखरू ग्रेस हॉपर यांनी शोधलं. ते त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलं. ग्रेस यांनी पुढची कित्येक वर्षं भाषणांतून हा किस्सा सांगितला आणि तो त्यांच्या नावाला चिकटला.

पण त्या पानावर पाखरापेक्षा महत्त्वाचं काहीतरी आहे, ते म्हणजे आजूबाजूच्या नोंदी. हजारो रिलेंमधला नेमका ७० नंबरचा रिले नशिबाने सापडत नाही. कोणती चाचणी चालली, कोणती अडली, हे लिहिलेलं असलं की शोधायची जागा लहान होत जाते. आपण माऊस बंद पडल्यावर एकाच वेळी वायर काढतो, सेल बदलतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो. माऊस चालू होतो, पण दोष कशात होता ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच रड. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झालं ते लक्षात ठेवायचं, एवढी शिस्त त्या पानावरून उचलता येते.

मशीन नाही, माणूस चुकतो तेव्हा

१९४९ मध्ये हार्वर्डमधलं काम संपलं. तिथे बायकांना कायमची जागा मिळणं अशक्यच होतं. ग्रेस फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा कॉम्प्युटर तयार होत होता.

हा त्यांच्या आयुष्यातला कठीण काळ होता. लग्न मोडलेलं, युद्धातली वर्षं कामाच्या ताणाखाली गेलेली आणि दारू वाढलेली. मित्रांनी काळजीने समजावलं. ग्रेस यांनी हळूहळू स्वतःला सावरलं आणि कामावर लक्ष दिलं. त्यांच्या सगळ्यात मोठ्या कामाची सुरुवात याच काळातली आहे.

तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारे लोक सारखी लागणारी गणितं, उदाहरणार्थ वर्गमूळ काढायच्या पायऱ्या, आपापल्या वहीत लिहून ठेवत. नवीन प्रोग्रॅम करताना त्या एकमेकांच्या वहीतून हाताने उतरवून घ्यायचे आणि प्रत्येक ओळीतले आकडे नव्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलायचे. ग्रेस यांनी पाहिलं की चुका नेमक्या इथेच होतात. उतरवताना बी हे इंग्रजी अक्षर १३ होऊन जायचं, त्रिकोणाची खूण ४ होऊन जायची. बेरजाही चुकायच्या. मशीन चांगलं होतं. हाताने नक्कल करणारा माणूस दमत होता.

मग त्यांनी सरळ विचार केला. उतरवणं आणि बेरीज करणं ही तर मशीनची कामं. ती माणसाने का करायची? १९५२ पर्यंत त्यांनी ए-झिरो नावाचा कंपायलर चालू केला. कोणते तुकडे हवेत ते सांगितलं की तो स्वतःच ते गोळा करून जोडायचा. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर नव्हता, पण वाट तिथून फुटली. कॉम्प्युटर फक्त गणित करतो, तो प्रोग्रॅम तयार करू शकत नाही, असं तेव्हा अनेकांचं मत होतं. चालणारा कंपायलर समोर असूनही सुरुवातीला फार कुणी तो वापरायला तयार होईना.

पुढची पायरी आणखी धाडसाची होती. हिशेब ठेवणाऱ्या, पगार काढणाऱ्या लोकांना चिन्हांची भाषा नको असते, त्यांना साधे शब्द हवे असतात, हे ग्रेस यांनी ओळखलं. त्यांच्या गटाने इंग्रजी शब्दांनी चालणारी फ्लो-मॅटिक ही भाषा तयार केली. कंपनीच्या वरिष्ठांना पटवायला त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला. मशीनच्या दृष्टीने शब्द म्हणजे फक्त खुणा, मग ते कुठल्याही भाषेतले असोत. पण अमेरिकेत बनलेला कॉम्प्युटर फ्रेंच समजेल ही कल्पनाच वरिष्ठांना झेपली नाही आणि काम इंग्रजीपुरतंच ठेवावं लागलं.

१९५९ मध्ये सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालेल अशी एक भाषा करायचं ठरलं. ती कोबोल. कोबोल अनेकांनी मिळून तयार केली, ग्रेस या कामात सल्लागार होत्या आणि तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवण्यात आला. आज आपण कुठल्याही कंपनीचा माऊस कुठल्याही कॉम्प्युटरला लावतो आणि तो चालतो. ही सोय आपोआप येत नाही, त्यासाठी आधी सगळ्यांना एका नियमावर आणावं लागतं. ग्रेस यांनी तेच काम भाषेसाठी केलं.

निवृत्ती झाली, पुन्हा बोलावणं आलं

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. पण नौदलाचे वेगवेगळे कॉम्प्युटर कोबोलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते आणि एकाचं काम दुसऱ्यावर चालत नव्हतं. हा गोंधळ निस्तरायला ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळपास एकोणीस वर्षं चालले.

या काळात त्यांच्या गटाने कंपायलर तपासणारे चाचणी प्रोग्रॅम तयार केले. कंपनी म्हणते म्हणून कंपायलर बरोबर, असं मानायचं नाही. ठरलेली चाचणी द्यायची आणि उत्तर बघायचं.

एक योगायोगही इथे सांगायला हवा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला. त्याच दिवशी ग्रेस हॉपर ६२ वर्षांच्या झाल्या.

भाषणांना जाताना त्या साधारण ३० सेंटिमीटर लांबीचे वायरचे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात प्रकाश इतकंच अंतर जाऊ शकतो. सॅटेलाइटवरून संदेश यायला उशीर का होतो, असं कुणी विचारलं की या तुकड्यावरून त्या समजावायच्या. आणि त्यांच्या ऑफिसात भिंतीवर उलट्या दिशेने फिरणारं घड्याळ होतं. वेळ ते बरोबरच दाखवायचं. आजवर असंच करत आलोय, हे कारण त्यांना कधीच पटलं नाही. ते घड्याळ त्यासाठीच होतं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्यांचा निवृत्ती समारंभ झाला. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि सेवेत असलेल्या नौदल अधिकाऱ्यांमध्ये सगळ्यात वयस्कर. त्यानंतरही एका कॉम्प्युटर कंपनीच्या सल्लागार म्हणून काम चालूच राहिलं. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मागे राहिलेला बिघाड

जागा वाचवण्यासाठी जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष लिहिताना शेवटचे दोनच आकडे ठेवायची पद्धत होती. त्यामुळे २००० साल उजाडलं की कॉम्प्युटर ते १९०० समजतील, अशी भीती निर्माण झाली. यातले बरेच प्रोग्रॅम कोबोलमधले होते. ते ओळ न् ओळ तपासायचं प्रचंड काम भारतातल्या आयटी कंपन्यांकडे आलं आणि मुंबई-पुण्यातल्या अनेक तरुण इंजिनिअरांची परदेशी कामाशी पहिली ओळख या दुरुस्तीतून झाली. एका पिढीला सोयीची वाटलेली सवय पुढच्या पिढीसाठी बिघाड होऊन आली होती.

१९९७ मध्ये हॉपर यांचं नाव असलेली एक युद्धनौका अमेरिकन नौदलात दाखल झाली. तिचा क्रमांक ७०. पाखरू सापडलेल्या रिलेचा नंबरही तोच. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. पाखरू चिकटवलेली ती नोंदवही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

तर पुढच्या वेळी माऊस अचानक थांबला की तो आपटू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जिवंत आहे. दिवा हलतच नसेल तर बहुधा सगळा कॉम्प्युटरच अडकलाय, माऊसचा दोष नाही. मग माऊस उलटा करून खालचा सेन्सर बघा, धूळ किंवा केस असेल तर काढा. टेबलावर काच असेल तर खाली साधा कागद ठेवा. वायरवाला असेल तर पोर्ट बदला, वायरलेस असेल तर सेल बदला. शेवटी तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट. आणि कशाने चालू झाला ते कुठेतरी लिहून ठेवा.